साखळी स्पर्धा : अखेरची चुरस व प्रेक्षक

प्रत्येक संघाने गटातील इतर सर्व किंवा ठरावीक संघांशी सामने खेळावेत आणि त्या सर्व सामन्यांच्या निकालांची बेरीज करून क्रम लावावा, अशा रीतीने घेतलेली स्पर्धा म्हणजे साखळी स्पर्धा होय. बाद पद्धतीत एक पराभव झाला की संघ स्पर्धेबाहेर जातो. साखळी पद्धतीत पराभव भरून काढता येतो. त्यामुळे हंगाम जसजसा सरत जातो, तसतशी प्रेक्षकाची दृष्टी एका सामन्यावरून गुणतक्त्याकडे वळते आणि आपल्या संघाच्या निकालाइतकेच परक्या संघांचे निकालही त्याच्या जिव्हाळ्याचे होतात. हंगामाच्या या अखेरच्या टप्प्यातील चुरस हे आधुनिक संघक्रीडेचे एक प्रमुख आकर्षण आहे. प्रेक्षकाची आशा किती दिवस टिकावी, हे बव्हंशी स्पर्धेच्या नियमांनी ठरते, खेळाडूंच्या कौशल्याने नव्हे. ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. प्रस्तुत नोंदीत या चुरशीचे स्वरूप, तिचे गणित आणि प्रेक्षकांवर होणारा तिचा परिणाम यांचा विचार मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रातील जुन्या प्रेक्षणीय खेळांत हंगामभर चालणाऱ्या गुणमोजणीला स्थान नव्हते. कुस्तीचा फड हे त्याचे ठळक उदाहरण. लातूर जिल्ह्यातील निलंगा, शिरूर अनंतपाळ, देवणी, उदगीर या भागात यात्रा-जत्रांच्या निमित्ताने कुस्त्यांचे फड भरत आले आहेत. लहान मुलांच्या कुस्त्यांपासून आरंभ होऊन मावळतीच्या सुमारास अखेरची मोठ्या इनामाची कुस्ती लागते आणि प्रेक्षक निकाल घेऊनच घरी परततो. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड येथील मल्ल हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७० मध्ये एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले, तेव्हा या भागातील कुस्तीशौकिनांना झालेला आनंदही एका मल्लाच्या, एका स्पर्धेतील यशाचा होता. अशा खेळात उत्कंठा तीव्र, पण अल्पजीवी असते. ‘अमका हरला आणि तमका जिंकला, तर आपल्याला संधी आहे’ हा विचार तेथे उद्‌भवत नाही. तो साखळी पद्धतीबरोबर आला (→ कुस्ती).

उगम व विकास : व्यावसायिक संघांच्या साखळी स्पर्धेचा पाया अमेरिकेत बेसबॉल या खेळाने घातला. तेथे १८७६ मध्ये नॅशनल लीग ही संघटना स्थापन झाली आणि आगाऊ ठरलेल्या वेळापत्रकाने वर्षभर सामने खेळून विजेता ठरविण्याची पद्धत रूढ झाली. इंग्लंडमध्ये १८८८ साली बारा संघांची फुटबॉल लीग सुरू झाली. तत्पूर्वी तेथील संघ चषकस्पर्धा व मैत्रीचे सामने यांवर अवलंबून असत. चषकस्पर्धेतून लवकर बाद झालेल्या संघाला पुढे प्रेक्षक मिळत नसत आणि खेळाडूंचे वेतन तर चालूच राही. ही आर्थिक अडचण साखळी पद्धतीने दूर केली. म्हणजे मुळात ही पद्धत उत्कंठेसाठी जन्मली नाही. सामन्यांची व उत्पन्नाची शाश्वती हा तिचा हेतू होता. उत्कंठा ही तिची फलश्रुती ठरली.

महाराष्ट्रात मुंबईची हारवुड लीग ही फुटबॉलची साखळी स्पर्धा विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाऊ लागलेली कांगा लीग ही मुंबईतील क्लबांची क्रिकेट साखळीस्पर्धा होय. तीत संघांच्या श्रेणी असून वरच्या श्रेणीतील तळाचे संघ खाली उतरतात व खालच्या श्रेणीतील अग्रेसर संघ वर चढतात. या चढउताराच्या नियमामुळे विजेतेपदाची आशा नसलेल्या संघालाही अखेरपर्यंत लढण्याचे कारण उरते. आपला क्लब वरच्या श्रेणीतून घसरू नये, ही चिंता विजेतेपदाच्या आशेइतकीच प्रखर असू शकते, असा या पद्धतीच्या सर्व स्पर्धांचा अनुभव आहे.

गुणतक्त्याचे गणित : संघाचे स्थान ठरविण्याच्या रीती खेळागणिक भिन्न आहेत. बेसबॉलमध्ये सामना सहसा अनिर्णित राहत नाही. त्यामुळे तेथे विजयांचे शेकडा प्रमाण पाहतात आणि दोन संघांतील अंतर ‘सामन्यांत’ मोजतात. दोघांच्या विजयांतील फरक व पराभवांतील फरक यांची बेरीज करून तिची निमपट केली की हे अंतर मिळते. समजा, १६२ सामन्यांच्या हंगामात अ संघाचे ९० विजय व ६० पराभव आणि ब संघाचे ८४ विजय व ६६ पराभव झाले आहेत. विजयांतील फरक ६, पराभवांतील फरक ६, बेरीज १२, म्हणून ब हा अ च्या सहा सामने मागे आहे. अ चे अग्रस्थान गणिती दृष्ट्या केव्हा निश्चित होईल, हे पाहण्यासाठी एकूण सामन्यांत एक मिळवून त्यातून अ चे विजय व ब चे पराभव वजा करतात : १६३ – ९० – ६६ = ७. अ चे यापुढील विजय व ब चे यापुढील पराभव मिळून सात झाले की ब ला अ ची बरोबरीही करता येत नाही. हा आकडा अमेरिकेतील वृत्तपत्रे हंगामाच्या शेवटी नित्य छापतात. तो दोन्ही संघांच्या निकालांनी घटतो. म्हणून अ चा पाठीराखा ब च्या सामन्यावरही तितकेच लक्ष ठेवून असतो.

फुटबॉलमध्ये विजयास दोन व बरोबरीस एक गुण देण्याची जुनी प्रथा होती. बरोबरीवर समाधान मानण्याची वृत्ती कमी व्हावी म्हणून इंग्लंडमध्ये १९८१-८२ च्या हंगामापासून विजयाचे तीन गुण करण्यात आले आणि पुढे ही रीत जगभर पसरली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये आरंभीच्या अनेक हंगामांत विजयास पाच, बरोबरीस तीन आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने पराभूत होणाऱ्या संघास एक गुण दिला जाई. त्यामुळे पराभव अटळ असलेला संघही शेवटच्या चढाईपर्यंत अंतर कमी करण्यासाठी झटत असे आणि प्रेक्षकांना जागचे उठवत नसे. नियमातील लहानसा बदल मैदानावरील वर्तन कसे पालटतो, याची ही उदाहरणे होत.

गुण समान झाल्यास क्रम लावण्यासाठी मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये निव्वळ धावगती विचारात घेतात. संघाने सर्व सामन्यांत काढलेल्या धावांना खेळलेल्या षटकांनी भागून येणाऱ्या आकड्यातून, त्याने दिलेल्या धावांना टाकलेल्या षटकांनी भागून येणारा आकडा वजा करतात. उदाहरणार्थ, २६० षटकांत २,२१० धावा काढल्या, तर धावगती ८·५. तितक्याच षटकांत २,१३२ धावा दिल्या, तर ८·२. निव्वळ धावगती ०·३. संघ सर्वबाद झाला, तर त्याने प्रत्यक्ष खेळलेली षटके न धरता त्याच्या वाट्याची पूर्ण षटके धरतात. या रीतीत हंगामाच्या आरंभी झालेला दारुण पराभव दोन महिन्यांनी आड येतो. म्हणून जाणता प्रेक्षक पहिल्या आठवड्यातील पराभवाचेही अंतर लक्षात ठेवतो.

रणजी करंडक आणि पश्चिम विभाग : रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ पासून बाद पद्धतीने खेळली जात असे. १९५७-५८ पासून देशाचे पाच विभाग करून विभागांतर्गत सामने साखळी पद्धतीने घेतले जाऊ लागले आणि प्रत्येक विभागातील केवळ पहिल्या संघाला पुढील बाद फेरीत प्रवेश मिळू लागला. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात व सौराष्ट्र हे संघ होते. मुंबई व विदर्भ यांच्या क्रिकेट संघटना वेगळ्या असल्याने महाराष्ट्र या नावाने खेळणारा संघ प्रामुख्याने पुणे व राज्याच्या उर्वरित भागाचे प्रतिनिधित्व करी. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ अशी दोन वर्षे लागोपाठ करंडक जिंकणाऱ्या या संघाची परंपरा मोठी होती. परंतु १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा मुंबईने करंडक जिंकला. या कालखंडातील पहिल्या बारा हंगामांत, म्हणजे १९६९-७० पर्यंत, विभागातून एकच संघ पुढे जाण्याचा नियम होता. मुंबई दरवर्षी अग्रस्थानी राहिल्याने महाराष्ट्राच्या संघाला एकदाही विभागाबाहेर पडता आले नाही. इतर विभागांतील तुलनेने दुबळे संघ उपांत्य फेरीपर्यंत जात आणि पुण्यातील प्रेक्षकांचा हंगाम मात्र मुंबईविरुद्धच्या सामन्याबरोबर संपुष्टात येई.

१९७०-७१ मध्ये प्रत्येक विभागातील पहिल्या दोन संघांना बाद फेरीत प्रवेश देण्याचा नियम झाला आणि त्याच हंगामात अंतिम सामना मुंबई व महाराष्ट्र या एकाच विभागातील संघांत झाला. मुंबईचे प्रमुख खेळाडू त्या वेळी अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील मुंबई संघाने तो सामना ४८ धावांनी जिंकला. करंडक महाराष्ट्राला मिळाला नाही, परंतु नियमातील एका शब्दाने अनेक वर्षे खुंटलेली वाट मोकळी झाली, हे या घटनेचे महत्त्व होय. महाराष्ट्राचा संघ यापूर्वी इतका बलवान नव्हता असे नव्हे. त्याला दुसरा क्रमांक मिळवून काही उपयोग नव्हता.

अमेरिकेतील बेसबॉलचा इतिहास याच्याशी समांतर आहे. १९६८ पर्यंत दोन लीगांतील केवळ पहिले संघ अंतिम मालिकेत खेळत. १९५१ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स हा संघ ऑगस्टमध्ये तेरा सामन्यांनी पुढे होता. न्यूयॉर्क जायंट्सने अखेरच्या ४४ सामन्यांपैकी ३७ जिंकून बरोबरी साधली आणि तीन सामन्यांच्या निर्णायक मालिकेत ३ ऑक्टोबर रोजी बॉबी टॉमसन याच्या अखेरच्या फटक्याने अग्रस्थान पटकावले. प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा दुर्बिणीने टिपण्याची व्यवस्था जायंट्सने त्या काळात केली होती, हे २००१ मध्ये जाहीर झाले आणि या विजयाला गालबोट लागले. १९६९ मध्ये लीगांचे विभाग पाडण्यात आले, १९९५ पासून विभागात दुसरा आलेल्या संघालाही संधी मिळू लागली आणि २०२२ पासून एकूण बारा संघ बाद फेरीस पात्र ठरतात. प्रवेशद्वार रुंद झाल्याने अधिक शहरांतील प्रेक्षक सप्टेंबरपर्यंत आशावादी राहतात. मात्र हंगामभर पहिल्या आलेल्या संघाच्या श्रमाचे मोल त्या प्रमाणात घटते, असा आक्षेप जुने रसिक घेतात (→ बेसबॉल).

अखेरचा दिवस : इंडियन प्रीमियर लीग ही वीस षटकांच्या सामन्यांची साखळी स्पर्धा २००८ मध्ये सुरू झाली. तीत पहिले चार संघ बाद फेरीत जातात. आरंभीची तीन वर्षे उपांत्य सामन्यांची साधी पद्धत होती. २०११ पासून पहिल्या दोन संघांत सामना होऊन विजेता थेट अंतिम फेरीत जातो व पराभूत संघाला आणखी एक संधी मिळते. तिसऱ्या व चौथ्या संघांना मात्र अशी दुसरी संधी नसते. ही रचना ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताच्या फुटबॉल स्पर्धेत १९३१ मध्ये योजिलेल्या पद्धतीवर आधारित आहे. साखळीतील क्रमाचे मोल बाद फेरीतही राखण्याचा हा उपाय होय.

अखेरच्या चुरशीचे बोलके उदाहरण म्हणजे २५ मे २०१४ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर झालेला मुंबई इंडियन्स व राजस्थान रॉयल्स यांच्यातील सामना. त्या हंगामात मुंबईने पहिले पाचही सामने गमावले होते. शेवटच्या साखळी सामन्यात राजस्थानने १८९ धावा केल्या. केवळ जिंकून मुंबईचे भागणार नव्हते. गुण समान होऊन निव्वळ धावगतीत राजस्थानला मागे टाकण्यासाठी १९० धावा १४ षटके ३ चेंडूंत काढणे आवश्यक होते. कोरी अँडरसनने ४४ चेंडूंत नाबाद ९५ धावा केल्या. १४ षटके ३ चेंडू पूर्ण झाले, तेव्हा दुसरी धाव घेण्याच्या प्रयत्नात अंबाती रायुडू धावबाद झाला आणि धावसंख्या १८९ वर थांबली. प्रेक्षकांना वाटले, सारे संपले. परंतु विजयी फटका सीमापार गेला, तर एकूण धावा १९० हून अधिक होतात व त्या प्रमाणात धावगतीही वाढते. म्हणून पुढच्याच चेंडूवर चौकार अथवा षटकार मिळाल्यास मुंबईला संधी शिल्लक होती. नव्याने आलेल्या आदित्य तरेने जेम्स फॉकनरच्या त्या चेंडूवर षटकार मारला व मुंबई चौथ्या स्थानावर आली. सामन्याच्या विजयाविषयी शंका जवळजवळ उरलेली नसताना सारे मैदान जीव मुठीत धरून बसले होते. उत्कंठेचा विषय सामना नसून गुणतक्ता होता. तीन दिवसांनी चेन्नईकडून पराभूत होऊन मुंबईची वाटचाल संपली.

१८ मे २०२४ रोजी बंगळूर येथे याच्या उलट स्थिती दिसली. बंगळूरच्या संघाने पहिल्या आठपैकी एकच सामना जिंकला होता. नंतरचे पाच सामने जिंकून तो शर्यतीत परतला. पुण्याच्या ऋतुराज गायकवाड याच्या नेतृत्वाखालील चेन्नई संघापुढे विजयासाठी २१९ धावांचे लक्ष्य होते. पण बाद फेरीसाठी २०१ धावा पुरेशा होत्या. चेन्नईच्या १९१ धावा झाल्या. पराभूत होऊनही पात्र ठरण्याची संधी दहा धावांनी हुकली.

अनेक सामने एकाच रात्री चालू असतील, तर उत्कंठा विभागली जाते. अमेरिकेत २८ सप्टेंबर २०११ रोजी बोस्टनचा संघ बाल्टिमोर येथे अखेरच्या डावात हरला आणि त्यानंतर काही मिनिटांतच सात धावांची पिछाडी भरून काढलेल्या टँपा बे संघाने आपला सामना जिंकून बोस्टनची जागा घेतली. महिन्याच्या आरंभी बोस्टन नऊ सामन्यांनी पुढे होते.

न्याय्यतेचे प्रश्न : परस्परांच्या निकालांवर अवलंबून असणे हे साखळीचे आकर्षण असले, तरी तीच तिची दुबळी बाजू आहे. १९८२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांच्यातील गटाचा शेवटचा सामना, अल्जीरियाचे सर्व सामने संपल्यानंतर, स्पेनमधील हिहोन येथे झाला. जर्मनीचा एका गोलाने विजय दोन्ही संघांना पुढे नेणारा होता. तो गोल आरंभीच झाला आणि उर्वरित वेळ उभय संघांनी खेळण्याचा केवळ देखावा केला. अल्जीरिया बाहेर पडले. त्यानंतरच्या, १९८६ च्या विश्वचषकापासून गटातील शेवटचे सामने एकाच वेळी घेतले जातात. इंडियन प्रीमियर लीगमध्ये दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी सामने सहसा वेगवेगळ्या वेळी होतात. साहजिकच शेवटी खेळणाऱ्या संघाला आपली गरज नेमकी ठाऊक असते. दुसरा दोष म्हणजे स्पर्धेबाहेर गेलेल्या संघाची उदासीनता. असा संघ नवोदितांना संधी देतो, ते रास्तही असते. परंतु त्याच्या निकालावर तिसऱ्याच संघाचे भवितव्य ठरत असेल, तर त्या संघाच्या पाठीराख्यांना अन्याय झाल्यासारखे वाटते.

पाठीराख्यांची निष्ठा : आपल्या संघाच्या जयपराजयाशी प्रेक्षक स्वतःचे तादात्म्य कसे साधतो, याचा अभ्यास रॉबर्ट सिआल्डिनी व त्याचे सहकारी यांनी अमेरिकेतील विद्यापीठांत केला, तो १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. संघ जिंकल्यावर विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे अधिक प्रमाणात घालतात आणि संघाविषयी बोलताना ‘आम्ही’ हा शब्द अधिक वापरतात, असे त्यात आढळले. मराठी प्रेक्षकाच्या ‘आपण जिंकलो’ व ‘ते हरले’ या बोलण्यातही हाच भेद दिसतो. तथापि निष्ठेचा कस लागतो तो पराभवातच. हंगामाच्या अखेरीस संधी जवळजवळ संपली असताना कागद-पेन्सिल घेऊन उरलेल्या शक्यता मांडणारा प्रेक्षक केवळ यशाचा वाटेकरी नसतो.

अशा निष्ठेचे महाराष्ट्रातील सर्वांत सघन रूप कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये आढळते. तेथील संघ प्रामुख्याने पेठांतील तालमींचे आहेत. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे त्यांपैकी काही. कुस्तीसाठी निघालेल्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभारावेत, हे या शहराचे वैशिष्ट्य होय. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या साखळी स्पर्धेचे सामने शाहू स्टेडियमवर होतात. कोणत्या संघाला पाठिंबा द्यावयाचा, हा निवडीचा प्रश्न सहसा नसतो; ज्या पेठेत जन्म, त्या पेठेचा संघ. त्यामुळे अखेरच्या सामन्यांतील गुणांचे पडसाद घराघरांत उमटतात. या निष्ठेची दुसरी बाजूही आहे : समर्थकांमधील हुल्लडबाजी व हाणामाऱ्या यांमुळे सामने थांबविण्याचे व संघांवर कारवाई करण्याचे प्रसंग ओढवले आहेत.

याउलट व्यावसायिक लीगमधील निष्ठेला भूमीचा आधार क्षीण असतो. पुण्याच्या प्रेक्षकांचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पुण्याच्या नावाचा एक संघ २०११ ते २०१३ या काळात इंडियन प्रीमियर लीगमध्ये होता; तो बंद झाला. चेन्नई व राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आल्याने २०१६ मध्ये पुण्याचा दुसरा संघ केवळ दोन हंगामांसाठी आला. २१ मे २०१७ रोजी हैदराबाद येथील अंतिम सामन्यात मुंबईने १२९ धावा केल्या. पुण्याच्या १२८ झाल्या. एका धावेने हरलेल्या संघाच्या पाठीराख्याला ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणण्याची सोय असते. पुण्याच्या पाठीराख्यांना तीही नव्हती, कारण पुढच्या वर्षी तो संघच अस्तित्वात राहणार नव्हता.

मराठवाड्यातील प्रेक्षक आणखी वेगळ्या स्थितीत आहे. शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावाला या लीगमधील कोणताही संघ भौगोलिक अर्थाने आपला नाही. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा छत्रपती संभाजी किंग्ज हा संघ विभागातील शहराच्या नावाने अवतरला. तत्पूर्वी येथील प्रेक्षकाचे नाते प्रथम आकाशवाणीशी व नंतर दूरचित्रवाणीशी होते. बाळ ज. पंडित यांच्या मराठी धावत्या वर्णनाने क्रिकेटची परिभाषा खेड्यापाड्यांत पोहोचविली. पाहिलेच नाही, असे मैदान कानांनी ओळखणारा एक श्रोतृवर्ग त्यातून निर्माण झाला. अशा ठिकाणी एकाच घरात एक भाऊ मुंबईचा, तर दुसरा चेन्नईचा पाठीराखा असू शकतो. संघ जन्माने मिळत नाही. तो एखाद्या खेळाडूच्या ओढीने निवडला जातो. तरीही मे महिन्यातील गुणतक्त्याविषयीची त्याची आस्था वानखेडेवरील प्रेक्षकापेक्षा कमी असते, असे मानण्याचे कारण नाही.

दुष्काळ आणि १९१६ सालचा... नव्हे, २०१६ चा हंगाम : मैदान व मराठवाडा यांचा संबंध २०१६ च्या उन्हाळ्यात अनपेक्षितपणे आला. लागोपाठच्या अवर्षणांमुळे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला पाणी पुरविणे अशक्य झाले. मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिल रोजी लातुरात पोहोचली. याच सुमारास खेळपट्ट्या व मैदाने यांसाठी लागणाऱ्या पाण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी आयोजकांनी दर्शविली. तथापि १३ एप्रिल रोजी न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. १ मे रोजी पुण्यात ठरलेल्या सामन्याला पुढे सवलत मिळाली. मुंबई व पुणे या संघांना हंगामाचा निर्णायक टप्पा विशाखापटनम हे मैदान ‘घर’ मानून खेळावा लागला आणि वानखेडेवर ठरलेला अंतिम सामना २९ मे रोजी बंगळूर येथे झाला. मुंबई त्या वर्षी पहिल्या चारांत आली नाही. त्यास मैदान बदलणे हेच कारण झाले, असे म्हणता येत नाही.

या निर्णयावर दोन मते व्यक्त झाली. मैदानावर न शिंपडलेले पाणी लातूरला पोहोचत नाही, मग सामने हलवून काय साधले, असा एक प्रश्न होता. पिण्याच्या पाण्यासाठी माणसे रांगा लावीत असताना करमणुकीसाठी हिरवळ जोपासणे शासन व समाज यांना शोभत नाही, हे दुसरे मत. लातूरच्या प्रेक्षकाला या वादात दोन्ही बाजूंना स्थान होते : रात्री गुणतक्त्यावर नजर ठेवणारा तोच होता आणि पहाटे टँकरची वाट पाहणाराही तोच.

मूल्यमापन : साखळी स्पर्धेची अखेरची चुरस ही नैसर्गिक घटना नसून नियमांनी घडविलेली व्यवस्था आहे. किती संघ पुढे जावेत, विजयाला किती गुण असावेत, समान गुण झाल्यास काय पाहावे, शेवटचे सामने केव्हा घ्यावेत, हे निर्णय लाखो लोकांच्या आशेची मुदत ठरवितात. प्रवेश फार अरुंद ठेवला, तर १९६० नंतरच्या दशकातील महाराष्ट्र संघाप्रमाणे गुणी संघ व त्याचे प्रेक्षक दीर्घकाळ उपेक्षित राहतात. फार सैल ठेवला, तर साखळीतील विजयांना अर्थ उरत नाही. या दोहोंतील समतोल साधणे आणि संघाचे अस्तित्व व्यापारी करारापेक्षा अधिक टिकाऊ करणे, ही स्पर्धा-संयोजकांची प्रेक्षकांप्रत असलेली मुख्य जबाबदारी होय.